कळफलकाचा धनी कोण?

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून राजांचा, संतांचा आणि लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. सिंदखेडराजाच्या जिजाऊ, लोणारचे सरोवर, शेगावचे गजानन महाराज हे विषय आपल्या जिल्ह्याला परके नाहीत. आज ज्या वस्तूचा इतिहास सांगावयाचा आहे तिला मात्र बखरीत जागा नाही. ती वस्तू म्हणजे मराठी टंकलेखन यंत्राचा कळफलक. चार ओळींत मांडलेल्या शेचाळीसएक कळा, एवढाच तिचा पसारा. पण न्यायालयाचे निकाल, कचेरीच्या नोटिसा, नेमणुकीचे आणि बडतर्फीचे हुकूम, संघटनांची निवेदने, सोसायट्यांची इतिवृत्ते असे आपल्या जीवनाचे केवढे तरी कागद या कळांखालून गेले. आज ते यंत्र कारखान्यात तयार होत नाही. मोडलेली कळ बाजारात मिळत नाही. आणि तरीही तो कळफलक मेलेला नाही. तो कसा जगला, कोणी जगवला, आणि त्यावर हक्क कोणाचा, हे पाहण्यासारखे आहे.

कळ दाबून मजकूर लिहिण्याची किंवा धाडण्याची विद्या वऱ्हाडात रेल्वेच्या पाठोपाठ आली. मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने गेलेली रेल्वे १८६७ साली नागपूरला पोहोचली. १८७० साली जलंबहून खामगावला फाटा निघाला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खामगावचा कापूस हे त्याचे कारण. त्याच १८७० साली मुंबई समुद्रातल्या तारेने सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. लिव्हरपूलचा भाव आता जहाजाची वाट पाहत बसणार नव्हता. तो तारबाबूच्या बोटाखालच्या एका पितळी कळेतून येणार होता. ती कळ एकच. लांब ठोका आणि आखूड ठोका यांच्या जुळणीतून सारी अक्षरे उमटावयाची. म्हणजे लिपी यंत्रात नव्हती, ती तारबाबूच्या मनगटात होती. २०१३ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातील तारसेवा बंद झाली. कळा संग्रहालयात गेल्या. मनगटातली विद्या मात्र संग्रहालयात ठेवता येत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

टंकलेखन यंत्राचा जन्म अमेरिकेतला. ख्रिस्तोफर लेथम शोल्स या मुद्रकाने आणि त्याच्या साथीदारांनी ते सिद्ध केले, आणि १८७३ साली रेमिंग्टन या बंदुका व शिवणयंत्रे बनविणाऱ्या कंपनीशी करार झाला. पुढच्या वर्षी यंत्रे विक्रीस आली. त्या यंत्रावरील इंग्रजी अक्षरांची मांडणी वर्णक्रमाने नव्हती. शेजारशेजारच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून ती तशी केली असे सामान्यतः सांगतात. तारबाबूंच्या सोयीचाही तीत वाटा होता असे काही संशोधक मानतात. कारण काहीही असो, ती मांडणी एकदा लोकांच्या बोटांत बसली आणि मग हलली नाही. १९३६ साली ऑगस्ट ड्वोरॅक या अमेरिकन प्राध्यापकाने बोटांना कमी श्रम पडतील अशा मांडणीचे पेटंट घेतले. तिचा गाजावाजाही झाला. पण लक्षावधी टंकलेखकांची बोटे आधीच तयार होती, आणि त्यांना पुन्हा शिकविण्याचा खर्च सोसावयास कोणताही मालक तयार नव्हता. आज दीडशे वर्षांनंतर खिशातल्या दूरध्वनीच्या काचेवरसुद्धा शोल्सचीच मांडणी दिसते. तेथे दांड्या नाहीत, अडकण्याचा प्रश्न नाही. उरली आहे ती बोटांची सवय. यंत्र बदलले, पण कामगाराचे कसब टिकले, असे उदाहरण इतिहासात क्वचित सापडते. ते येथे सापडते.

आता आपल्या लिपीकडे वळू. इंग्रजीची अक्षरे सव्वीस. मोठी व लहान मिळून बावन्न. अंक आणि विरामचिन्हे धरली तरी शेचाळीस कळांवर, प्रत्येक कळेला वरचे आणि खालचे अशी दोन अक्षरे देऊन, ब्याण्णव जागांत सारा संसार आरामात मावतो. मराठीची व्यंजने चौतीस. त्यांची नुसती बाराखडी मांडली तर चारशे आठ अक्षरे होतात. स्वर वेगळे, अंक वेगळे, आणि जोडाक्षरांना तर अंतच नाही. छापखान्यातील जुळारी हे काम खणांच्या जोरावर करीत असे. त्याच्यापुढे शेकडो घरांची मोठी मांडणी असे. कोणता खिळा कोठे हे त्याच्या हाताला पाठ असे. पण छापखान्याची ती भिंतभर मांडणी मांडीएवढ्या यंत्रात कशी आणावयाची?

ज्यांनी हा प्रश्न सोडविला त्यांची युक्ती दाद देण्यासारखी आहे. देवनागरीच्या पुष्कळ अक्षरांना शेवटी काना असतो, हे त्यांनी हेरले. काना काढला की अर्धे अक्षर उरते आणि त्यापुढे दुसरे अक्षर ठेवले की जोडाक्षर होते. म्हणून रेमिंग्टन पद्धतीच्या देवनागरी कळफलकावर ख, घ, थ, ध, भ, ण, श यांचे पूर्ण अक्षर मुळी ठेवलेच नाही. अर्धा भ आणि मग काना, असे दोन ठोके मारले की भ उभा राहतो. त, न, म, प, ल यांसारखी जी अक्षरे वारंवार लागतात त्यांचे पूर्ण रूप खाली आणि अर्धे रूप त्याच कळेच्या वरच्या अंगाला दिले. मात्रा, उकार, अनुस्वार यांच्यासाठी दुसरी युक्ती. त्यांची कळ दाबली की खूण उमटते, पण कॅरेज पुढे सरकत नाही. खूण आधीच्या अक्षराच्या डोक्यावर किंवा पायाशी बसते. ऱ्हस्व वेलांटी मात्र डाव्या बाजूची, म्हणून ती अक्षराच्या आधी मारावयाची. बोलताना ‘कि’मध्ये क आधी येतो, यंत्रावर वेलांटी आधी येते. टंकलेखकाने तोंडाचा क्रम विसरून डोळ्याचा क्रम शिकावयाचा.

या कळफलकाच्या मधल्या ओळीत, जेथे बोटे विसावतात, तेथे अनुस्वार, मात्रा, क, वेलांट्या, ह, र, काना, स आणि य अशी मंडळी बसविली आहेत. काना उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. मराठीत काना किती वेळा येतो हे ज्याने मोजले असेल त्यानेच ही जागा ठरविली असणार. कळफलक म्हणजे भाषेच्या वापराची मोजदाद असते. कोणते अक्षर बळकट बोटाखाली, कोणते करंगळीखाली, आणि कोणते मुळीच नाही, यावरून त्या भाषेकडे बनविणाऱ्याने कसे पाहिले हे कळते.

‘मुळीच नाही’ हे शब्द आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. आपल्या जिल्ह्याचे तेरा तालुके. त्यांतील मोताळा, जळगाव जामोद आणि देऊळगाव राजा या तीन तालुक्यांची नावे ळ वाचून लिहिताच येत नाहीत. आणि आपल्या प्रांताचे नाव वऱ्हाड. त्यातला तो आडवा अर्धा र मराठीचा खास. ‘तऱ्हा’, ‘शेतकऱ्याला’, ‘कर्मचाऱ्यांचा’ हे शब्द त्यावाचून लंगडे पडतात. १९५६ पर्यंत वऱ्हाड हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्यप्रदेशात होता आणि तेथे हिंदी व मराठी अशा दोन भाषांचा कारभार होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात आलो, आणि राजभाषेचा कायदा १९६४ चा. म्हणजे मराठीला कचेरीत मान मिळाला त्या वेळी आपल्याकडे देवनागरीची यंत्रे दोन भाषांच्या हिशेबाने होती. हिंदीच्या गरजेपुरत्या मांडलेल्या कळफलकावर ळ ला घर नसले तर टंकलेखक काय करणार? तो ल मारून मोकळा होणार.

यात काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एका कारखान्यातील काळे आडनावाच्या कामगाराच्या कागदांत कोठे ‘काळे’ आणि कोठे ‘काले’ असे उमटले होते. निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीचे पैसे मागावयास तो गेला, तेव्हा हे दोन इसम एकच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्याला प्रतिज्ञापत्र करावे लागले, साक्षीदार आणावे लागले, आणि हेलपाटे घालावे लागले ते वेगळेच. संघटनेचे काम करताना अशी प्रकरणे हाताखालून जातात तेव्हा समजते की कळफलकावरील एका कळेची उणीव गरिबाच्या पदरात येऊन पडते. श्रीमंताचे नाव चुकले तर कागद बदलतो. गरिबाचे नाव चुकले तर माणसाला बदलावे लागते.

यंत्रात लिपी मावत नाही म्हटल्यावर विद्वानांनी दुसरा मार्ग सुचविला. लिपीच कापून यंत्राच्या मापाची करावी. हा विचार करणारी माणसे लहान नव्हती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आणि काकासाहेब कालेलकरांनी अ ची बाराखडी सुचविली. इ, उ, ए ही वेगळी अक्षरे न ठेवता अ लाच वेलांटी, उकार, मात्रा द्याव्या, म्हणजे तेवढे खिळे वाचतील. ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या वाचकांना ती पद्धत परिचयाची होती. १९५३ साली लखनौस लिपिसुधारणा परिषद भरली. तेथे ऱ्हस्व वेलांटी उजव्या बाजूला आणावी, फक्त तिचे शेपूट आखूड करावे, असे ठरले. दीर्घ आणि ऱ्हस्व यांतील फरक शेपटाच्या लांबीवर आला! लोकांच्या डोळ्यांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच तो निर्णय मागे पडला. या सुधारकांचा हेतू चांगला होता. मुद्रण स्वस्त व्हावे, ज्ञान खेड्यापर्यंत जावे, हीच त्यांची तळमळ होती. पण त्यांनी यंत्राची त्या काळची मर्यादा ही कायमची मर्यादा मानली. पुढे तीस-चाळीस वर्षांत असे यंत्र आले की ज्याला शेकडो जोडाक्षरांचा भार वाटत नाही. त्या वेळी लिपी कापून टाकली असती तर ती पुन्हा शिवता आली नसती. मराठी वळणाच्या ल आणि श या अक्षरांना शासनाने २००९ च्या निर्णयाने पुन्हा मान दिला, यावरून हेच दिसते.

तोवर यंत्रे आपल्या देशातच होऊ लागली होती. कलकत्त्याची रेमिंग्टन रँड, मद्रासेकडील हाल्डा आणि फॅसिट, आणि मुंबईची गोदरेज ही नावे कचेऱ्यांत घरोघरीच्या भांड्यांसारखी परिचित होती. गोदरेजने १९५५ साली आपले पहिले टंकलेखन यंत्र बाजारात आणले. परक्या देशाच्या सुट्या भागांवर न विसंबता येथे पूर्ण यंत्र बनविणे ही स्वतंत्र भारताच्या कारागिरीची मोठी परीक्षा होती. एका यंत्रात शेकडो लहान भाग असतात. दांडी केसाएवढी वाकडी झाली तरी अक्षर ओळ सोडते. हे सारे बसविणारे हात मुंबईच्या कामगारांचे, आणि त्यांत कोकणातून, घाटावरून, वऱ्हाडातून पोट भरावयास गेलेले कितीतरी.

यंत्राच्या पाठोपाठ वर्ग आले. तालुक्याच्या प्रत्येक गावी, बसस्थानकाजवळ किंवा बाजारगल्लीच्या माडीवर, टायपिंग क्लासची पाटी दिसू लागली. मॅट्रिक झालेल्या मुलापुढे आणि विशेषतः मुलीपुढे, शेतीच्या आणि घरकामाच्या पलीकडे एक वाट उघडली. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी मिनिटाला चाळीस शब्द, हे प्रमाणपत्र म्हणजे लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीचा दाखला. त्यासाठी रोज एक तास, महिनोन्‌महिने, डोळे कागदावर आणि बोटे मधल्या ओळीवर. ज्या घरात पुस्तक नव्हते त्या घरातील मुलीच्या दहा बोटांत सारी वर्णमाला जाऊन बसली. हे तिचे भांडवल. ते तिने स्वतःच्या फीने आणि स्वतःच्या घामाने मिळविलेले. कारखानदाराच्या भांडवलाची नोंद वहीत होते, घसारा धरला जातो. हिच्या भांडवलाची नोंद कोठेही नाही.

नंतर संगणक आला आणि उतार सुरू झाला. शेवटच्या काळात गोदरेजची यंत्रे सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे होत असत. २००९ पर्यंत वर्षाला दहा ते बारा हजार यंत्रे निघत. त्या साली उत्पादन थांबले. २०११ साली शिल्लक राहिलेल्या काहीशे यंत्रांची बातमी जगभरच्या वर्तमानपत्रांनी छापली. पाठोपाठ त्याच दशकात महाराष्ट्रातील टंकलेखन यंत्रावरच्या परीक्षाही बंद होऊन संगणकावरच्या परीक्षा सुरू झाल्या. क्लासच्या माडीवरील यंत्रे भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने गेली.

पण यंत्र भंगारात जाते म्हणून काम संपत नाही. कचेरीबाहेर लाकडी टेबल मांडून अर्ज, प्रतिज्ञापत्रे टंकित करून देणारा माणूस आपले यंत्र एका दिवसात टाकून देऊ शकत नव्हता. त्याची ळ ची कळ तुटली तर तो काय करणार? नवी मिळत नाही. येथे मेकॅनिकची विद्या कामी येते. हा मेकॅनिक भंगारातून दुसरे मराठी यंत्र शोधतो आणि त्यातून हवा तो खिळा काढतो. खिळा दांडीच्या टोकाला झाळलेला असतो. तो ऊन देऊन सोडवावयाचा, दुसऱ्या दांडीवर बसवावयाचा, आणि ओळ जुळेपर्यंत एकेक अक्षर मारून पाहावयाचे. मराठी खिळा मिळालाच नाही तर इंग्रजी यंत्र उपयोगी पडत नाही, कारण नुसते अक्षर बदलून भागत नाही. मात्रेच्या कळेला कॅरेज थांबावी लागते; इंग्रजी यंत्रात ती प्रत्येक ठोक्याला सरकते. तेव्हा त्या कळेचा आणि कॅरेजचा आतला संबंध तोडावा लागतो. कळेवरील अक्षर झिजले असेल तर जुन्या यंत्रांत काचेखालचा कागद बदलता येतो. नंतरच्या प्लॅस्टिकच्या कळांवर अक्षर रंगवावे लागते. हे कसब कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. उस्तादाने शागिर्दाला शेजारी बसवून दिलेले आहे.

मोठमोठ्या देशांतही आज हाच खटाटोप चालला आहे, हे ऐकून नवल वाटेल. १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड, टेक्ट्रॉनिक्स अशा कंपन्यांनी विजेच्या लहरी मोजण्याची आणि तपासण्याची मोठी महागडी उपकरणे केली. त्यांतील काहींना कळफलक असत. प्रयोगशाळांनी ती टाकून दिली तरी जुन्या यंत्रांचे चाहते ती जपतात. आतील विद्युत्-मंडल चाळीस वर्षांनंतरही चालते. निकामी होतो तो कळफलक. कारण माणसाचा हात लागतो तो तेथेच. त्या काळच्या एका प्रकारच्या कळफलकात प्रत्येक कळेखाली स्पंजाची चकती आणि तिला धातूचा मुलामा दिलेला पातळ पापुद्रा असे. वर्षे लोटली की स्पंजाचा भुगा होतो आणि कळ मुकी होते. मग हे लोक नव्या स्पंजाच्या चकत्या कापतात, पापुद्रा चिकटवतात. कळफलक मुळातच हरवला असेल तर त्याहून अवघड काम. उपकरणाच्या प्रत्येक तारेवर कोणती खूण केव्हा येते हे ते मोजतात, नकाशा काढतात, आणि असा नवा फलक तयार करतात की जुन्या उपकरणाला आपला जुना सोबतीच परत आला असे वाटावे. साध्या यंत्राचा कळफलक कोठूनही आणता येतो. पण थोड्याच संख्येने निघालेल्या उपकरणाचा कळफलक त्या उपकरणापुरताच असतो. जितकी जात दुर्मीळ तितकी कळ अनमोल. आपला मराठी कळफलक इंग्रजीच्या मानाने याच दुर्मीळ जातीचा. म्हणून त्याची कथा आणि त्या उपकरणांची कथा एकच आहे.

फरक एवढाच की आपल्याकडे कळफलक पुन्हा घडविला गेला तो लोखंडात नव्हे, संगणकात. कानपूरच्या आय.आय.टी. मध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले. १९८८ साली पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली आणि ते काम तेथे वाढले. याच काळात केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली एक नवी मांडणी प्रमाण ठरविली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला स्थान मिळाले. तिला इन्स्क्रिप्ट म्हणतात. तिची रचना शास्त्रशुद्ध आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजने उजव्या हाताकडे. क च्याच कळेवर वरच्या अंगाला ख, ग च्या कळेवर घ. बोलण्याच्या क्रमाने टंकावयाचे. जोडाक्षर यंत्र आपोआप जुळविते. ळ ला घर आहे, वऱ्हाडातल्या र लाही आहे. आणि एक मांडणी शिकली की तीच तमिळला, बंगालीला, गुजरातीलाही लागू. माझ्या मते ही मांडणी चांगली आहे आणि नव्या मुलाने तीच शिकावी.

पण ज्यांच्या बोटांत रेमिंग्टनची मांडणी बसली होती त्यांचे काय? वीस वर्षे काम केलेल्या बाईला एके दिवशी सांगितले की काना आता तेथे नाही. मिनिटाला तीस-चाळीस शब्द लिहिणारी बोटे अडखळू लागली. या लोकांनी नव्या यंत्राला नकार दिला नाही. त्यांनी नव्या यंत्रावर आपली जुनी मांडणी मागितली. आणि ती मिळाली. सी-डॅकच्या आयएसएममध्ये आणि पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीमध्ये टंकलेखन यंत्राची मांडणी हा एक पर्याय ठेवावा लागला, कारण त्यावाचून कचेऱ्यांत आणि छापखान्यांत त्यांचा माल खपला नसता. लोखंडी दांड्या वितळल्या, पण दांड्यांचा क्रम संगणकाच्या पडद्यामागे पुन्हा उभा राहिला. अर्धा भ आणि काना मिळून भ, हे जुने गणित नव्या यंत्राने मुकाट्याने मान्य केले.

सुरुवातीला हे काम अर्धवटच होते. प्रत्येक कंपनीच्या अक्षरसंचाची आतली खूण वेगळी. एकाच्या संगणकावर लिहिलेला मराठी मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की अर्थहीन चिन्हांची रांग दिसे. १९९१ पासून युनिकोड ही जगाची सामायिक खूणपद्धती आली आणि हळूहळू हा घोळ मिटू लागला. पण युनिकोड बोलण्याच्या क्रमाने अक्षरे साठविते, तर टंकलेखकाची बोटे वेलांटी आधी मारतात. तेव्हा जुन्या मांडणीचा नवा अवतार करणाऱ्याला अशी सोय करावी लागते की यंत्राने वेलांटी हातात धरून थांबावे, पुढचे अक्षर येऊ द्यावे, आणि मग वेलांटी त्याच्या मागे नोंदवावी. तीच गोष्ट रफाराची. तो डोळ्याला शेवटी दिसतो आणि उच्चारात आधी येतो. मेकॅनिकने पन्नास वर्षे कानशीने केले, तेच हे तरुण आता गणिताने करतात. दोघांचे काम एकाच जातीचे आहे. कामगाराच्या बोटाला यंत्राकडे नेण्याऐवजी यंत्राला बोटापर्यंत आणणे.

येथे थोडे संघटनेच्या इतिहासाकडे पाहिले पाहिजे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्ता कार्यालयात संगणक येऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. त्या लढ्यात नोकरीची भीती होती आणि ती खोटी नव्हती. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी दुसरी वाट धरली. यंत्र येणारच असेल तर कोणते, किती, कोठे, आणि ते चालविणाऱ्याला भत्ता काय, हे त्यांनी बँकांशी करार करून ठरविले. या दोन्ही लढ्यांतून आपण बरेच शिकलो. पण वर सांगितलेल्या टंकलेखकांच्या लढ्याचे नाव कोणत्याही इतिहासात नाही, कारण तो लढा सभा किंवा मोर्चा यांनी लढलेला नाही. ‘आमची मांडणी द्या, म्हणजे काम करतो,’ एवढेच हजारो टेबलांवरून सांगितले गेले. इंग्रजी टंकलेखकाच्या बोटांपुढे ड्वोरॅक हरला, कारण ती बोटे मालकाला महाग पडली असती. मराठी टंकलेखक संख्येने थोडा आणि पगाराने लहान. तरीही त्याच्या बोटांपुढे दोन मोठ्या संस्थांना जुना कळफलक नव्याने बांधावा लागला. हा विजय लहान असेल, पण तो विजय आहे.

तेव्हा कळफलकाचा धनी कोण? कंपनी म्हणेल, पेटंट आमचे. सरकार म्हणेल, मानक आमचे. त्यांचा हक्क मी नाकारीत नाही. पण कंपनी उत्पादन थांबविते, मानक बदलते, आणि त्यानंतरही जर एखादा कळफलक जगतो तर तो तीन प्रकारच्या लोकांमुळे. ज्याच्या बोटांत तो आहे तो टंकलेखक, ज्याने तो झाळून, कानशीने घासून चालू ठेवला तो मेकॅनिक, आणि ज्याने तो नव्या यंत्रात पुन्हा मांडला तो तंत्रज्ञ. या तिघांच्या श्रमावाचून उरतो तो भंगाराचा ढीग.

यातून आपल्या शहरासाठी आणि जिल्ह्यासाठी काही कामे निघतात. पहिले, प्रत्येक तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाने एक चालू स्थितीतील मराठी टंकलेखन यंत्र ठेवावे, आणि त्याच्याबरोबर त्याच्या कळफलकाचा छापील नकाशा आणि क्लासमधील जुनी सरावपुस्तिका. आज ती भंगारवाल्याकडे मिळते. उद्या पैसे देऊनही मिळणार नाही. दुसरे, जे वृद्ध मेकॅनिक अजून हयात आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांची रीत लिहून घ्यावी. शाळेतील मुलांना हे काम सांगावे. इतिहास म्हणजे केवळ सनावळी नव्हे हे त्यांना आपोआप कळेल. तिसरे, कोणत्याही कचेरीत यंत्र किंवा मांडणी बदलावयाची असेल तर नव्याने शिकण्याचा वेळ हा कामाचा वेळ धरला जावा आणि त्याचा खर्च कचेरीने सोसावा. बोटे तयार करण्याचा खर्च एकदा त्या मुलीच्या बापाने शेतातील कापूस विकून सोसला आहे. दुसऱ्यांदा तो तिच्याकडून घेऊ नये. आणि चौथे, पुढे जे यंत्र येईल, बोललेले लिहून घेणारे असो की आणखी कोणते, त्याला विकत घेण्यापूर्वी मोताळा, देऊळगाव राजा, जळगाव जामोद आणि वऱ्हाड हे चार शब्द लिहावयास सांगावे. ते त्याला नीट लिहिता आले तर ते आपल्या कामाचे. न आले तर ते बनविणाऱ्याकडे परत पाठवावे, आणि आपल्या भाषेत काय काय आहे ते त्याला शिकवून द्यावे.